इसाराच्या आधी मिस्त्री

"आधी खरेदी तर होऊ द्या की वो. मिस्त्रीला काय, नंतर बोलवू. घर काय पळून जातंय का?" सोलापुरात दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर, झेरॉक्सच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं की असं वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतंच. बोलणाऱ्याच्या काखेत प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात साठेखत (खरेदीखताआधीचा करार), प्रॉपर्टी कार्डाचा उतारा, वकिलाचा शोध अहवाल. किंमत ठरलेली, इसार म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम दिलेली, पेढेही वाटून झालेले. कागद अगदी चोख असतात. ३० वर्षं मागे जाऊन कुणी कुणाला काय विकलं ते वकिलाने तपासलेलं असतं. पण त्या घराचा स्लॅब किती वर्षं गळतोय, तुळईचं टोक भिंतीत कुजलंय का, तीन भाडेकरू ठेवायचे तर हौद पुरेल का, यातलं काहीच कुणी तपासलेलं नसतं. हे वाक्य मनातून जाता जात नाही, कारण ते बोलणारा माणूस अडाणी किंवा उधळ्या नसतो. निवृत्तीचे पैसे, नाहीतर दुकानातून वर्षानुवर्षं बाजूला काढलेले पैसे तो भाड्याच्या आशेने विटांमध्ये घालत असतो.

आपल्याकडे जुन्या घराची किंमत जागेवरून ठरते, हे याचं एक कारण असावं. जोडभावी पेठ असो, साखर पेठ असो की कसबा, पहिला प्रश्न "जागा किती?" हाच असतो. मग भाव ठरतो, वर बांधकामाचे काहीतरी धरले जातात आणि सौदा होतो. घर पाडून नवं बांधणाऱ्याला हे ठीक आहे. त्याला घराच्या तब्येतीशी काही देणंघेणं नाही, राडारोडा उचलायचा खर्च धरला की झालं. पण भाड्यासाठी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. भाडेकरू जमिनीच्या भावाकडे बघून भाडं देत नाही. नळाला पाणी चढतं का, भिंतीला ओल आहे का, संडास स्वतंत्र आहे का, हे बघून देतो. समजा, किंमत, मुद्रांक, नोंदणी आणि किरकोळ रंगरंगोटी धरून घर ३० लाखांत पडलं आणि तीन बिऱ्हाडांचं मिळून महिना १८,००० रुपये भाडं आलं. वर्षाचे झाले २,१६,०००, म्हणजे ७.२ टक्के. आता खरेदीनंतर कळलं की स्लॅब, वायरिंग आणि ड्रेनेजला ६ लाख लागणार. तेच भाडं आता ३६ लाखांवर आलं, म्हणजे ६ टक्के. त्यात कामाला चार महिने लागले तर ७२,००० रुपयांचं भाडं बुडालं ते वेगळंच. घरपट्टी आणि मधल्या रिकाम्या महिन्यांचा हिशेब अजून केलेलाच नाही. हे ६ लाख इसाराच्या आधी कळले असते तर ते मालकासमोर मांडता आले असते. इसारानंतर ते निमूटपणे खिशातून काढावे लागतात.

म्हणून बघितलेल्या प्रत्येक घरात ठेकेदाराला नेऊन कोटेशन मागायचं, असंही नाही.

तसं करणारेही असतात, आणि ते मला पटत नाही. चांगला मिस्त्री किंवा ठेकेदार एका घराची नीट मापं घ्यायला अर्धा दिवस घालवतो आणि रात्री बसून हिशेब करतो. जे घर आपण अजून घेतलेलंही नाही, घेऊ की नाही याची खात्री नाही, तिथे त्याला फुकट राबवणं अन्यायाचं आहे. शिवाय त्यातून हाती काही लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घरानंतर तो दारातच उभा राहून तोंडी आकडा सांगतो. काम गळाला लावायचं असेल तर कमी, पिच्छा सोडवायचा असेल तर जास्त. पहिल्या फेरीला आपल्याला कोटेशन लागतच नाही. लागतो तो फक्त एक पट्टा, खर्च दोन-तीन लाखांत आटोपेल की आठ-दहा लाखांवर जाईल, इतकाच. त्यासाठी ज्याला पुढे या घराचं काम मिळणार नाही असा सिव्हिल इंजिनीअर ठरलेली फी देऊन सोबत न्यावा. त्याला काम वाढवून सांगण्याचा मोह नसतो आणि कमी सांगण्याचाही. मन बसलेली दोन-तीनच घरं त्याला दाखवावीत. तास-दीड तास पुरतो, फक्त सुरुवात गच्चीवरून करावी आणि मग खाली उतरत यावं, कारण पाणी वरून खाली येतं आणि बहुतेक रोग पाण्याच्या वाटेनेच येतात.

गच्चीवर आधी कोबा, म्हणजे पाणी अडवायला स्लॅबवर घातलेला थर, किती जाड आहे ते बघावं. जुन्या कोब्यावर नवा कोबा आणि त्यावर आणखी एक, असे थर चढवलेल्या गच्च्या गावात पुष्कळ आहेत. गळती लागली की सगळ्यात सोपा उपाय तोच वाटतो. पण विटांच्या तुकड्यांचा साडेचार इंची कोबा एका चौरस फुटाला साधारण २० किलो भरतो. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर एक जादा थर म्हणजे १२ टन. स्लॅब टाकला तेव्हा हे वजन कुणी धरलेलं नव्हतं. तेव्हा अंदाजात "नवीन वॉटरप्रूफिंग" एवढंच लिहून भागत नाही. "जुना कोबा मूळ स्लॅबपर्यंत काढणे, राडारोडा खाली उतरवून नेणे, १०० ला १ उतार देऊन नवा कोबा करणे, ४८ तास पाणी धरून दाखवणे" इतकं यायला हवं. या दोन ओळींतला फरक कधी कधी दुपटीचा असतो. गच्चीवरून खाली आलं की स्लॅबच्या पोटावर छोट्या हातोडीने टकटक करत फिरावं. चांगलं काँक्रीट खणखणीत बोलतं, सुटलेलं भदभद. पिवळी वर्तुळं, सळईच्या रेषेत गेलेली सरळ भेग, तपकिरी डाग, यातलं काही दिसलं तर सळई आत गंजली आहे असं समजावं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. अशा जागी वरून सिमेंटचा लेप मारला की वर्ष-दोन वर्षांत तो पापुद्र्यासारखा खाली येतो. खरं काम करायचं तर सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचं, गंज घासून काढायचा, सळईला गंजरोधक लावायचं, जुन्या-नव्याचा सांधा धरणारं बाँडिंग कोट मारायचं आणि पॉलिमर मॉर्टरने भरायचं. सगळ्यात जास्त लक्ष द्यावं बाल्कनीवर आणि लांब सज्ज्यांवर. त्यांची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. गच्चीचं पाणी तिथेच मुरतं आणि खालून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

नुकताच रंग मारलेलं घर असेल तर वेळ दुप्पट द्यावा. दार उघडताच डिस्टेंपरचा वास येतो आणि त्याच्यामागून ओलीचा कुबट वास हळूच डोकावतो. कपाट भिंतीपासून हातभर ओढायला सांगितलं की त्या भिंतीवरचा लोणा आणि पोपडे तसेच असतात, कारण रंगाऱ्याने कपाट हलवलेलं नसतं.

सोलापूरचं म्हणून एक वेगळं प्रकरण आहे, मागाच्या घरांचं. खाली दोन-चार पॉवरलूम, वर कुटुंब, अशी घरं पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत. माग बंद पडले किंवा एमआयडीसीकडे गेले, मुलं पुण्याला गेली, आणि आता ती जागा "हॉल मोठा आहे, दोन बिऱ्हाडं सहज बसतील" असं सांगून विकली जाते. बसतातही. पण त्या हॉलच्या फरशीत वर्षानुवर्षांचं मागाचं तेल मुरलेलं असतं. त्यावर टाइल्स लावल्या की खालचा थर पकड धरत नाही, सहा महिन्यांत त्या पोकळ वाजू लागतात. तिथे दोनेक इंच जुनी जमीन फोडून नवी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) करावी लागते आणि हे कलम मिस्त्रीच्या पहिल्या अंदाजात हमखास राहून जातं. मागाच्या धक्क्याने दारं-खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांत भेगा गेलेल्या असतात. धक्का थांबला की त्या बहुतेक वेळा वाढायच्याही थांबतात, पण ही खात्री करून घ्यावी लागते, ती कशी ते पुढे येईल. वीजजोडणी थ्री-फेज आणि औद्योगिक दराची असते. ती घरगुती करणं, दर बिऱ्हाडाला वेगळा मीटर घेणं, महावितरणची जुनी थकबाकी निघते का ते पाहणं, हे ठेकेदाराच्या कागदात नसतं, पण आपल्या हिशेबात असायला हवं. थकबाकी जागेला चिकटते आणि नव्या मालकाच्या दारात येते.

जुन्या गावभागात अजून माळवदाची घरं विकायला येतात. वैशाखात बाहेर रस्ता भाजत असताना आत पाऊल टाकलं की अंगावर गारवा येतो आणि मन तिथेच अर्धं हरतं. मला ती घरं फार आवडतात आणि ती पाडलेली बघवत नाहीत. पण भाड्यासाठी घेताना माळवदाचा अंदाज सगळ्यात अवघड, हे मान्य करूनच पुढे जावं. तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर फूटभर माती. एक घनफूट कोरडी माती ४५ किलोच्या आसपास, भिजली की आणखी जड. ३०० चौरस फुटांच्या खोलीवर साडेतेरा टनांचं छत असतं. ते उतरवायचं ठरलं तर तीन ब्रास (मातीत एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते, सुटी झाल्यावर फुगून चार ब्रास होते. बोळात ट्रॅक्टर शिरत नसेल तर ती घमेल्याने चौकापर्यंत वाहून न्यावी लागते. हा बिगाऱ्यांचा खर्च छताच्या खर्चाइतका डोळ्यांत भरत नाही, पण बिलात भरतो. तुळईचं मधलं अंग सगळेच बघतात, चकचकीत सागवान दिसलं की समाधान होतं. बघायला हवं ते भिंतीत गेलेलं टोक. तिथे ओल साचते, वाळवी लागते. जाड दाभण घेऊन टोकाशी टोचावं. दाभण सहज आत गेलं तर त्या तुळईचं आयुष्य संपत आलंय. अशा घराला कुणी ठाम आकडा दिला तर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. छत उघडल्याशिवाय कळत नाही असं स्पष्ट सांगून, बदलायच्या तुळईचा नग-दर वेगळा लिहून देणारा ठेकेदार जास्त प्रामाणिक. आणि जाता जाता एक विनंती. खालची शहाबादी फरशी शाबूत असेल तर टाइल्सच्या हौसेपायी ती उखडू नका. सांधे नव्याने भरून पॉलिश केलं तर थोडक्यात काम होतं, आणि इथल्या उन्हाळ्यात भाडेकरू दुवा देतात.

पाण्याचा दिवस विचारून जा.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, कधी तीन दिवसांआड, कधी त्याहून उशिरा, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. पण घर बघायला जाताना आपण हे विसरतो आणि कोरड्या दिवशी जातो. कोरड्या दिवशी सगळे पाइप निर्दोष असतात. पाण्याच्या दिवशी गेलं की धार किती जोराची आहे, मोटार न लावता हौदापर्यंत पोचते का, जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाला कुठे पाझर आहे, हे सगळं समोर येतं. त्याच दिवशी सगळ्या संडास-मोऱ्यांमध्ये एकाच वेळी बादल्या ओतून बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून उभं राहावं. पाणी फुगून मागे येत असेल तर तीन बिऱ्हाडं त्या लाइनवर चालणार नाहीत. मग हौदाची मापं घ्यावी. पाच बाय पाच बाय पाच फुटांचा हौद म्हणजे १२५ घनफूट, साधारण ३,५०० लिटर. चार माणसांची तीन बिऱ्हाडं, माणशी दिवसाला १०० लिटर आणि पाच दिवसांची तरतूद धरली तर ६,००० लिटर लागतात. म्हणजे सहा बाय सहा बाय सहाचा हौद. हा फरक भरून काढायचा तर नवा हौद खणावा लागतो, आणि काळ्या मातीत तो भिंतीच्या पायाला खेटून खणला तर नवं दुखणं जन्माला येतं. जुना हौद पायाजवळ झिरपत असेल तर तेही तितकंच वाईट. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते, भिंत तिच्याबरोबर हलत राहते. हौद काठोकाठ भरून, नळ-मोटार बंद ठेवून रात्रभर पातळीची खूण बघितली की उत्तर मिळतं. विकणारा एवढी रात्र देत असेल तर त्या घराबद्दल निम्मी शंका तिथेच मिटते.

एवढं झाल्यावर, किंमत बोलण्यात जवळपास जमली आणि इसार अजून दिला नाही, अशा त्या चार-आठ दिवसांच्या फटीत ठेकेदाराला घरात न्यायचं. लेखी अंदाज घेण्याची खरी वेळ ती. आता आपण नुसते बघे नाही हे त्याला कळतं. विकणाऱ्यालाही गिऱ्हाईक पक्कं आहे हे माहीत असतं, म्हणून तो दारं उघडतो. तोवर केलेला खर्च म्हणजे इंजिनीअरची फी, सौदा मोडला तरी तेवढीच जाते. अडचण एकच, या फटीत दुसरं गिऱ्हाईक घुसण्याची भीती असते आणि मध्यस्थ ती भीती वाढवत राहतो. अशा वेळी लहानसा इसार बँकेतून द्यावा, पण इसार पावतीत अट लिहून. खरेदीदारास आपल्या अभियंत्यासह व ठेकेदारासह घराच्या सर्व भागांची पाहणी करण्याची आणि गच्चीवर पाणी धरून बघण्याची मुभा राहील. इसाराच्या तारखेपासून १५ दिवसांत छत, तुळया, कॉलम वा पाया यांत दोष आढळून अभियंत्याच्या लेखी अहवालाप्रमाणे दुरुस्तीचा खर्च अमुक रकमेपेक्षा जास्त येत असल्यास किंमत नव्याने ठरेल, अन्यथा इसार विनाकपात परत मिळेल. शब्द वकिलाकडून बसवून घ्यावेत. आपल्याकडे अशी मुदत आपोआप कुणी देत नाही. कागदावर नसेल तर इसार बुडण्याची भाषा लगेच सुरू होते. बाजार तेजीत असला की विकणारे ही अट नाकारतात, तेही समजण्यासारखं आहे. मग इसार लांबवून आधी अंदाज घ्यावा, नाहीतर वाईटात वाईट धरून किंमत बोलावी.

इथे विकणाऱ्याचाही विचार मनात येतो. आजोबांनी बांधलेल्या घरात कुणी परका माणूस हातोडी घेऊन भिंती ठोकत हिंडतो, दोष मोठ्याने वाचून दाखवतो, आणि घरातली म्हातारी माणसं उंबऱ्याशी उभी राहून ऐकत असतात. ते बघवत नाही. मापं घ्यावीत, फोटो विचारून घ्यावेत, टिपणं कागदावर करावीत आणि बोलणं बाहेर येऊन करावं. किंमत कमी करून मागतानाही "तुमचं घर मोडकं आहे" म्हणायची गरज नसते. कलमवार कागद समोर ठेवला तर आकडेच बोलतात, आणि बहुतेक विकणारे अशा कागदासमोर थोडं तरी नमतं घेतात.

तो कलमवार कागद मात्र आपण तयार करायचा, ठेकेदाराने नाही. तीन ठेकेदार बोलावून तिघांना "काय काय करावं लागेल?" असं विचारलं की तीन वेगवेगळ्या कामांचे तीन आकडे येतात आणि आपण त्यातला लहान आकडा उचलतो. इंजिनीअरकडून यादी करून घ्यावी. प्रत्येक कलमाला माप आणि एकक हवं: प्लास्टर चौरस फुटात की ब्रासमध्ये, पाइप रनिंग फुटात, वायरिंग पॉइंटवर, दारं नगावर. रकान्यात दर तेवढा ठेकेदाराने भरायचा. दर मजुरीचा की मटेरियलसह, जीएसटी धरून की वगळून, हे वर लिहिलेलं असावं. मापाचा नियम आधीच ठरवावा. दारं-खिडक्यांची वजावट हा इथे नेहमीचा भांडणाचा मुद्दा. भारतीय मानकात अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान मोकळ्या जागेची प्लास्टरमध्ये वजावट नाही, अर्धा ते तीन चौरस मीटरला एका बाजूची वजावट, त्याहून मोठ्याला दोन्ही बाजूंची. गावात मात्र "आम्ही वजा धरत नाही" हा रिवाज चालतो. तोच पाळायचा असेल तर पाळा, पण दर ठरवताना, बिल आल्यावर नाही. सिमेंटचा अंदाज स्वतःला असू द्यावा. १:४ प्रमाणाच्या १२ मिलिमीटर प्लास्टरला एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण एक पोतं लागतं. मटेरियल आपलं असेल आणि अर्ध्या पोत्यात ब्रास होत असेल तर भिंतीला माल कमी लागतोय, दीड लागत असेल तर जुनी भिंत वाकडी आहे किंवा पोती बाहेर जातायत.

लहान आकड्याच्या कोटेशनमध्ये काय नाही ते शोधावं. बहुतेक वेळा राडारोडा उचलणं नसतं. बाहेरून प्लास्टर असेल तर परांचीचा (उभं राहायच्या मचाणाचा) खर्च नसतो. भिंत फोडून पाइप-वायर टाकल्यावर ती खाच बुजवायची कुणी, प्लंबरने, वायरमनने की गवंड्याने, हे लिहिलेलं नसतं आणि शेवटी ती कुणीच बुजवत नाही. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) नसतं, जे भाड्याच्या घरात तर आधी हवं. आणि सोलापुरात एक कलम खास लिहायचं, पाणी कुणाचं. प्लास्टरला सात दिवस, स्लॅबला निदान दोन आठवडे पाणी मारावं लागतं. नळ चार दिवसांनी येणार असेल तर टँकर कोण मागवणार? हे न लिहिल्यामुळे मेच्या उन्हात कोरडं राहिलेलं प्लास्टर जाळीदार भेगांनी भरतं, आणि मग दोष सिमेंटच्या कंपनीला दिला जातो.

साठेखत आणि खरेदीखत यांच्यामध्ये बहुधा दोन-तीन महिने जातात. कर्ज मंजूर व्हायचं असतं, भावंडांच्या सह्या जमायच्या असतात. हा काळ नुसता वाट बघण्यात घालवू नये. ज्या भेगेबद्दल शंका आहे तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. भेग जिवंत असेल तर काच तडकते, मेलेली असेल तर तशीच राहते. मागाच्या घराची आणि काळ्या मातीवरच्या घराची ही सगळ्यात स्वस्त तपासणी. मधे एखादा जोराचा पाऊस पडला तर त्याच दिवशी जाऊन छत बघून यावं. भाडेकरू किंवा मालकाचं सामान हललं की रिकाम्या खोल्यांची मापं पुन्हा घ्यावीत आणि अंदाज दुरुस्त करून घ्यावा. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर तिचं संरचनात्मक परीक्षण कायद्यानेच लागतं, महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस कधी आली होती का तेही याच काळात काढावं. बँकेच्या मूल्यांकनावर विसंबू नये. तो माणूस कर्ज बुडालं तर जागेचे किती येतील हे बघायला आलेला असतो, गळती बघायला नाही. खरेदीच्या कर्जात दुरुस्तीही धरत नाहीत, तिच्यासाठी वेगळं कर्ज मागावं लागतं आणि त्याला इंजिनीअरचं एस्टिमेट लागतं, म्हणजे तो कागद पुन्हा उपयोगी पडतो. एकच गोष्ट या काळात करू नये, काम सुरू. "तुमचंच घर आहे, घ्या किल्ली" म्हणणारे भेटतात. पण ताबा घेऊन केलेलं साठेखत मुद्रांक कायद्यात खरेदीखताच्या पंगतीला बसतं, आणि सौदा फिसकटला तर लावलेल्या टाइल्स कुणी सोडवून देत नाही.

फ्लॅटचं प्रकरण त्या मानाने सोपं. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या बाजूला भाड्यासाठी फ्लॅट घेताना बाथरूमचं छत आणि बाहेरची भिंत बघावी. गळती वरच्या माणसाच्या बाथरूममधून असेल तर आपला ठेकेदार कितीही चांगला असो, ते काम वरच्याच्या घरात जाऊन करावं लागतं. त्याचं कोटेशन घेण्याआधी वरच्याशी आणि सोसायटीशी बोलणं व्हायला हवं.

खरेदीखत झालं की शेवटचा, पक्का आकडा. आधीचे दर महिनाभरच धरायचे, कारण सळई-सिमेंटचे भाव थांबत नाहीत. यादी तीच ठेवून दर नव्याने भरून घ्यावेत, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार करावा आणि जुन्या घराला १५ ते २० टक्के रक्कम बाजूला राखूनच सुरुवात करावी. ती ठेकेदाराला सांगू नये. दिवाळी झाल्यावर काम लावलं तर ऊन मऊ असतं, पाणी मारलेलं टिकतं, फक्त संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत चार-आठ दिवस कामावर माणूस मिळणार नाही हे वेळापत्रकात धरावं. उचल १० टक्क्यांवर जाऊ देऊ नये. पुढचे पैसे कलम पुरं झाल्यावर, मापं दोघांनी मिळून घेऊन द्यावेत. प्रत्येक हप्त्याची पावती आणि मालाची बिलं फाइलला लावावीत. भाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकरात ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्ती वेगळी वजा होत नाही. पण नवा हौद, वाढवलेला संडास अशा कायमच्या सुधारणांची बिलं पुढे घर विकताना खर्चात धरता येतात. वॉटरप्रूफिंगच्या रकमेतले ५ टक्के मागे ठेवावेत आणि ते कधी द्यायचे तेही करारात लिहावं. जूनच्या पहिल्या सरीवर देऊ नयेत, तेव्हा तापलेली गच्ची पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकते. इथला खरा पाऊस सप्टेंबरचा. तो दोन दिवस लागून राहिल्यावर खालच्या बिऱ्हाडाला विचारून, छताला हात लावून, मग ते पैसे द्यावेत.